चार चंद्र, चार आकाशं आणि आत्याचं व्हायोलिन

आतेबंधू चि. फ्यूज यास,

तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा म्हणून आशीर्वाद, आणि विजेच्या तारा हाताळताना तुझा हात कापत नाही म्हणून नमस्कार. दोन्ही एकाच पाकिटात घातले आहेत, हवं ते ठेवून घे. (सत्तेचाळिसाव्या वर्षी तुला ‘फ्यूज’ म्हणू नये असं हिचं मत आहे. पण ज्याने सातव्या वर्षी प्लगमध्ये चमचा घालून अख्ख्या इमारतीला अंधारात बसवलं त्याला दुसरं काय म्हणावं, हे तिलाही सुचलेलं नाही.) कंबर कशी आहे? खुर्ची बदललीस, की त्याच खुर्चीत बसून कंबरेला बोल लावतो आहेस? इकडे सर्व क्षेम. माझा रक्तदाब डॉक्टरांच्या अपेक्षेइतका वाईट आहे. हिचा कधीच वाढत नाही, कारण ज्या गोष्टींनी तो वाढावा त्या सगळ्या ती मला सांगून मोकळी होते.

आता मुद्द्यावर येतो, निदान येण्याचा प्रयत्न करतो. महिन्यापूर्वी तू पाठवलेली डबी पोचली. आत हिरवी पाटी, पाटीवर नखाएवढी काळी चिप, आणि सोबत तुझ्या अक्षरातली चिठ्ठी: ‘हात लावू नये. मी आल्यावर जोडीन.’ ही चिठ्ठी मी तीनदा वाचली. तुझ्या स्वरावरून मला ती शास्त्रातल्या निषेधासारखी वाटली. आणि शास्त्रातल्या प्रत्येक निषेधाला कुठे ना कुठे अपवाद असतो. तो हुडकून काढण्यावरच आमच्यासारख्या संस्कृतच्या मास्तरांची पोटं चालतात. तेव्हा डबी कपाटात ठेवली आणि अपवादाची वाट पाहत बसलो. तो मागल्या बुधवारी फोनवरून आला. अपवाद म्हणजे तुझी आई.

तुला कथा ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण तू ती अर्धीच ऐकली असणार. आत्याच्या व्हायोलिनचं उभ्या जन्मात एकच ध्वनिमुद्रण झालं, एकोणचाळीस वर्षांपूर्वी, सभागृहात, साथीला कोणी नसताना. त्याची टेप तू कुणा जाणकाराकडून संगणकात उतरवून घेतलीस, तीसुद्धा अशी की सेकंदाला एक लाख ब्याण्णव हजार वेळा मोजमाप (हा आकडा मी वर्गात सांगितला तेव्हा पोरांनी प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिलं), आणि उतरवून होताच मूळ टेपचा भुगा झाला. म्हणजे आता जगात ती एकच फाइल, आणि ती माझ्या कपाटातल्या डिस्कवर. आत्याच्या चार शिष्यिणी तिच्यावर डोळा ठेवून आहेत. त्यांतल्या एकीने उत्साहाच्या भरात तिची नक्कल माझ्याकडून नेऊन आपल्या फोनवर घातली आणि फोन आत्याच्या कानाशी धरला. आत्याने अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाली, “हे माझं व्हायोलिन नव्हे. डबीत कोंडलेले डास आहेत.” तिथल्या तिथे फोनमधली नक्कल पुसायला लावली आणि मला फोन केला, की रविवारी जेवायला येते, डिस्क बाहेर काढून ठेव, माझ्या डोळ्यांसमोर पूस. तू म्हणे आधीच हो म्हणून बसला आहेस. (आईला नाही म्हणण्याची तुझी हिंमत नाही, हे समजू शकतो. तिला नाही म्हणण्याची माझी तरी कुठे आहे? तिने मला पाढे शिकवलेत, आणि ते कसे शिकवले ते माझ्या डाव्या कानाला आठवतं.) मी एवढंच म्हटलं, की आत्या, पुसण्याआधी एकदा नीट यंत्रावर ऐक. ती म्हणाली, “एकदा. मग पुसायचं.” तुला तीन वेळा फोन लावला. तू उचलला नाहीस. अपवाद सिद्ध झाला.

चिपबरोबर तू जे माहितीपत्रक पाठवलंस त्याला पत्रक म्हणण्याचं धाडस कुणी केलं ते कळत नाही. शहाण्णव पानं. मी ते छापून, बांधून घेतलं आणि अंघोळ करून वाचायला बसलो. ग्रंथाची शैली सूत्रमय आहे. ग्रंथकर्त्याचं नाव कुठेच नाही, तेव्हा तो अपौरुषेय समजायला हरकत नसावी. मंगलाचरणाच्या जागी धमक्या आहेत: असं केल्यास चिप जळेल, तसं केल्यास आमची जबाबदारी नाही. पण मन घट्ट करून पुढे गेल्यावर मजकूर कळतो. चिपचं काम एवढंच, की एका अंगाने आकडे घ्यायचे आणि दुसऱ्या अंगाने आवाज सोडायचा. तिच्या पोटात कप्पे आहेत, त्यांना रजिस्टर म्हणतात. प्रत्येक कप्प्याला आठ खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक तरी किंवा शून्य तरी. कोणत्या कप्प्यात काय भरलं यावर चिप कशी वागणार ते ठरतं. बहुतेक कप्पे कारखान्यातून आले तसेच ठेवायचे. बदलायचे फक्त तीन: एक, आकडे किती बारकाईने मोजलेत ते सांगणारा, दुसरा, आवाज गुळगुळीत करणारा, आणि तिसरा, आवाज किती ठेवायचा तो. या तिसऱ्याची गंमत अशी, की त्यातला आकडा म्हणजे आवाज किती दाबायचा त्याचं माप. आकडा मोठा तर आवाज लहान, आकडा लहान तर आवाज मोठा. (आमच्या प्राचार्यांच्या अधिकाराचं आणि कामाचं असंच आहे.)

कामाची वाटणी झाली. ग्रंथ वाचून आकडे सांगायचे मी; ते संगणकातून चिपकडे पाठवायचे हिने. ही गेली सव्वीस वर्षं न्यायालयात लघुलेखिका आहे हे तू जाणतोसच. तिचं ब्रीद असं, की साक्षीदार काय बोलला ते लिहायचं, त्याला काय म्हणायचं होतं ते नव्हे. माझ्याबाबतही ती हेच तत्त्व पाळते, आणि त्यामुळेच आमचा संसार टिकून आहे. मी पडलो जुन्या ज्योतिषग्रंथाच्या हस्तलिखितात वीस वर्षं डोकं घालून बसलेला माणूस. त्या ग्रंथात आकडे आकड्यांनी लिहीत नाहीत. शून्याला आकाश म्हणतात, एकाला चंद्र, दोनाला डोळे. तेव्हा चिपच्या बाबतीतही माझ्या तोंडून आपसूक आकाश आणि चंद्रच येऊ लागले. हिने एकदा चष्म्यावरून पाहिलं, वहीत नोंद केली, ‘आकाश = ०, चंद्र = १’, आणि पुढे एका अक्षराने विचारलं नाही. अशा लेखनिकेसमोर साक्षीदाराला फार मोकळं वाटतं. तिथेच घात झाला.

शनिवारी सकाळी अकराला तारा जोडल्या. आत्याची फाइल आत्याच्या आधी ऐकायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून तुझ्याच डिस्कवरची बिगुलाची फाइल घेतली. पहिले दोन कप्पे भरले. चिपने कुरकुर केली नाही. आता आवाज. सुरुवात अगदी सावध करायची म्हणून ग्रंथातून आवाज जवळजवळ पूर्ण दाबणारा आकडा काढला: ११११००००. मी सांगितला, हिने टाइप केला, मी कान स्पीकरला लावला (हे करू नये असं ग्रंथाच्या अकराव्या पानावर आहे), आणि बिगुल सुरू झाला.

खालच्या मजल्यावर दंतवैद्यांचा दवाखाना आहे. त्या क्षणी त्यांचं बोट एका रोग्याच्या तोंडात होतं. पुढचं त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण ते पाचव्या मिनिटाला बोटाला पट्टी गुंडाळून आमच्या दारात उभे होते. “मास्तर, पेशंटच्या दाढेत जोर नाही असं मी त्याला आत्ताच सांगत होतो. माझं निदान चुकलं.” मी क्षमा मागितली. मला ती तितकीशी ऐकू आली नाही, पण मागितली असावी.

सभ्य माणूस आहे, ओरडला नाही. आवाज कमी करा एवढंच म्हणून गेला. आता माझ्यापुढे पेच. ग्रंथाप्रमाणे आवाज मुंगीच्या पावलाएवढा असायला हवा होता. मी विचार केला, की ही चिप उर्मट आहे, दाबलं की उसळते. तेव्हा आपण ग्रंथ सोडायचा नाही, नियमाने एकेक पायरी आवाज वाढवत जायचं. दुसरा आकडा, ०११११०००, ग्रंथाप्रमाणे आधीपेक्षा मोठा आवाज देणारा. दिला. बिगुल निम्म्याने खाली आला. खालून दंतवैद्य म्हणाले, “आभारी आहे.” तिसरा, ००११११००, आणखी मोठा. बिगुल बसून बोलण्याइतका झाला. “अगदी छान, आता राहू द्या,” खालून आवाज. शेवटी मी चिडलो आणि जवळजवळ पूर्ण आवाजाचा आकडा काढला, ००००११११, आणि खिडक्या लावून घेतल्या. हिने बटण दाबलं. पडद्यावर बिगुल वाजत होता, काटा सरकत होता, आणि खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. दंतवैद्यांनी वर माणूस पाठवून विचारलं, की मास्तरांची तब्येत बरी आहे ना.

मी ग्रंथ मिटला. म्हटलं, ही चिप नास्तिक आहे. रविवारी आत्या येणार, फाइल पुसणार, आणि एकोणचाळीस वर्षांपूर्वी एका बाईने बावीस मिनिटं जे केलं ते जगातून माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाहीसं होणार. तेही माझ्याच संगणकातून, माझ्याच हाताने. तुझी चिठ्ठी टेबलावरच होती. ती माझ्याकडे पाहत होती असं मी म्हणत नाही, पण मी ती पालथी घातली.

तेव्हा ही म्हणाली, “जबाब वाचून दाखवते.” न्यायालयात साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवतात, त्याने हो म्हटलं की सही. मी म्हटलं वाच. ही आपल्या न्यायालयीन आवाजात, कोणताही स्वर न लावता, वाचू लागली: “पहिला आकडा. आकाश, आकाश, आकाश, आकाश, चंद्र, चंद्र, चंद्र, चंद्र.” मी ग्रंथावर बोट ठेवून जुळवत होतो. आणि माझं बोट, बाबा रे, आपणहून उजवीकडून निघालं आणि डावीकडे चालू लागलं.

जुन्या ज्योतिषग्रंथांत शब्दांनी आकडा सांगताना एककापासून सांगतात, म्हणजे उजव्या टोकापासून, आणि मग डावीकडे सरकतात. वीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. चिपचे आकडेही मी तसेच सांगितले, शेवटच्या खाचेपासून पहिल्या खाचेकडे. आणि हिने, ब्रीदाला जागून, ऐकले त्या क्रमाने डावीकडून टाइप केले. प्रत्येक आकडा आरशात पाहिल्यासारखा उलटा होऊन चिपच्या पोटात गेला. आवाज दाबायचा आकडा उघडायचा झाला, उघडायचा दाबायचा झाला. चिप बिचारी सुरुवातीपासून शहाण्यासारखी वागत होती. पहिल्या दोन कप्प्यांत भरायचे आकडे दोन्हीकडून सारखेच होते, म्हणून तिथे काही बिघडलं नाही. तिसऱ्या पायरीचा ००११११०० तर उलट्या कवितेसारखा, कुठूनही वाचा, तोच, म्हणून तेवढ्यापुरता आवाज बरोबर ग्रंथात लिहिल्याइतका आला होता, आणि तेवढ्यावरच आम्ही शंका घेतली नव्हती. मी उठून उभा राहिलो. ही म्हणाली, “सही करा.” मी केली.

रविवारी सकाळी दहाला, आत्या यायच्या दोन तास आधी, शेवटची जुळणी. माझी चूक मला उमगली होती, तेव्हा मी निश्चयाने डावीकडून सांगितलं. चंद्र, आकाश सगळं नेमक्या क्रमाने. बटण दाबलं. कान देऊन ऐकावं तर भिंतीपलीकडे कुणीतरी उशीखाली बिगुल वाजवतंय असं काहीतरी. चिप जळली, म्हटलं, काल जळली आणि आज कळलं. हिने चष्मा काढून पुसला (ही खूण मी ओळखतो, ती फारच क्वचित दिसते) आणि म्हणाली, “मी उजवीकडून टाइप केलं. तुमची खोड कळली होती ना, म्हटलं सांभाळून घ्यावं.” सव्वीस वर्षांत हिने एकदाच साक्षीदाराला सांभाळून घेतलं, आणि साक्षीदार नेमका त्याच दिवशी सुधारला होता. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की यापुढे सुधारायचं ते एकाने, आणि दुसऱ्याला सांगून. आकडा पुन्हा भरला. बिगुल वाजला: स्वच्छ, उजळ, खोलीत वादक उभा असल्यासारखा. मी त्याला सलाम केला. हिने नाही केला, पण ती हसली, आणि जबाबाच्या वहीत ‘अंतिम’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आत्या बाराला आली. आल्याआल्या सोफा नाकारला (सोफ्यावर बसून व्हायोलिन ऐकता येत नाही, झोपता येतं, इति आत्या), जेवणाच्या टेबलाची ताठ खुर्ची ओढली, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, “चल, तुझे डास सोड.” दंतवैद्यही पट्टी बांधलेलं बोट घेऊन दाराशी येऊन बसले, दवाखाना बंद होता, आणि म्हणाले, ज्याच्यासाठी आपण रक्त सांडलं ते ऐकू तरी द्या.

बंधो, मी अलंकारशास्त्र शिकवतो, म्हणून इथे अलंकार वापरणार नाही. स्वराच्या आधी गजाचे केस तारेला टेकल्याचा आवाज आला. मग स्वर आला. त्याच्या मागे सभागृह होतं. म्हणजे कुठे भिंत आहे, छत किती उंच आहे, ते ऐकू येत होतं. कुणीतरी पाय आवरून घेतल्यावर खुर्ची करकरली ती उजव्या हाताला. आमच्या दहा बाय बारा खोलीत एवढं सगळं कसं मावलं ते तुझ्या ग्रंथकर्त्यालाच ठाऊक. आत्याने डोळे मिटले होते, पण डाव्या हाताची बोटं पर्सवर चालत होती, आणि स्वर लागायच्या केसभर आधी त्या त्या जागी पडत होती. बावीस मिनिटांनी टाळ्या झाल्या, फाइलीत. मग आत्या म्हणाली, “चौथं बोट तेव्हाही आळशीच होतं.” डावा हात पर्सवरून उचलून पाहत, “हात माझाच आहे.” आणि पर्स उघडून रुमाल शोधता शोधता, जणू दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगावं तसं, “पुसू नकोस. चौघींनाही दे.”

तेव्हा कळवण्यास आनंद होतो, की तुझ्या चिठ्ठीचं सविस्तर उल्लंघन झालं असून त्यातून फक्त चांगलंच निघालं आहे. एक फाइल वाचली, एक चिप सुरू झाली, एका संस्कृतच्या मास्तराने विजेला हात लावला आणि इमारतीतला एकही दिवा गेला नाही. (तुलनेसाठी चमचा आठवावा.) दंतवैद्यांचं बोट बरं आहे, त्या रोग्याची दाढही आता ठेवायची ठरली आहे. वहिनींना नमस्कार, तुझ्या कंबरेला सहानुभूती.

तुझा, हात लावलेला,
मामेभाऊ

ता. क. एक गोष्ट राहिली. ग्रंथाच्या एक्याण्णवाव्या पानावर, तळटिपेत, बारीक अक्षरात लिहिलं आहे की वीज गेली की चिप कप्प्यांत भरलेलं सगळं विसरते. हे आम्ही सोमवारी वाचलं. तेव्हापासून चिपच्या विजेचं बटण कुणी बंद केलेलं नाही; त्याच्याभोवती हिने खुर्च्या आडव्या लावल्या आहेत. येत्या गुरुवारी दहा ते चार वीज बंद राहील अशी नोटीस खालच्या फाटकाला लागली आहे. पुन्हा भरता येईल असं तू म्हणशील. पण आवाज कमीजास्त करता करता जबाबाच्या वहीत ‘अंतिम’ अशा आता सात नोंदी झाल्या आहेत, सगळ्यांखाली दोन दोन रेघा, आणि कोणती कोणी कुठल्या दिशेने लिहिली यावर आमचं एकमत नाही. ही म्हणते, साक्षीदार फितूर आहे. तेव्हा बुधवारी संध्याकाळपर्यंत ये आणि त्या चिपला कायमचं आठवेल असं काहीतरी कर. घाई एवढ्यासाठी, की आत्या आता रोज साडेपाचला ऐकायला येते.

ता. क. दुसरा. वर लिहिताना मी एक जागा गाळली. आत्या रोज येते ती सगळं ऐकायला नव्हे. चौदाव्या मिनिटापासून लाव म्हणते. तिथे, सगळ्यांत हळू जागेवर, पहिल्या रांगेतून तुझे बाबा खोकतात. त्या खोकल्याची गोष्ट तुमच्या घरात तू लहानपणापासून ऐकली असशील: एकच मुद्रण, एकच नाजूक जागा, आणि नेमका तिथेच खोकला, आणि इतकं करून माणसाने कधी ‘चुकलो’ म्हटलं नाही. परवा आत्याने मला सांगितलं, की डासांचं निमित्त होतं. पुसायचं होतं ते त्या खोकल्यामुळे, कारण बाबा जाऊन नऊ वर्षं झाली तरी तो ऐकला की तिला अजून रागच येतो, आणि आता राग धरायला समोर कुणी नाही. तर त्या खोकल्यानंतर चार सेकंदांनी, डाव्या स्पीकरमधून, अगदी पुटपुटल्यासारखं, एक माणूस म्हणतो, “चुकलो गं.” फोनवर ते येत नव्हतं. टेपवरही कुणाला आलं नव्हतं. (तू शेजारच्या खुर्चीत झोपला होतास असं आत्या म्हणते, तेव्हा तुझी साक्ष धरता येत नाही.) रविवारी तिथे आत्याने हात वर केला, मागे घ्यायला लावलं, चार वेळा ऐकलं. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, “ह्यांना जरा मोठ्याने म्हणायला काय झालं होतं.”